रिकाम्या घरातला विस्तव

टोकियो आणि योकोहामा यांच्या मधल्या पट्टीत वसलेल्या कावासाकी शहराची ख्याती पोलाद, खनिज तेल आणि रसायने यांच्यामुळे झाली. १९४५ च्या एप्रिलमधील बाँबवर्षावात हे शहर बेचिराख झाले. पुढील वीस वर्षांत ते पुन्हा उभे राहिले आणि इतक्या जोमाने उभे राहिले की, तेथील धुराने दमेकरी झालेल्या नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८२ साली सुरू झालेला हा झगडा कारखानदारांशी १९९६ च्या अखेरीस आणि सरकारशी १९९९ साली तडजोड होऊन मिटला. अशा या शहराच्या नगरपालिकेने १९६७ साली, म्हणजे धुराडी ऐन भरात असताना, आपल्याच हद्दीतील इकुता येथील झाडीच्या टेकडीवर जुन्या शेतकऱ्यांची घरे आणून मांडली आणि ती लोकांना खुली केली. ‘निहोन मिंका-एन’ म्हणजे जपानी लोकगृहांचे उद्यान, असे त्याचे नाव. ज्या गावाने खेडे गिळले त्यानेच खेड्याचे स्मारक उभारावे यात कोणाला प्रायश्चित्त दिसेल, कोणाला ढोंग दिसेल. मला तेथे एक दिवस घालविल्यावर या दोहोंपैकी कोणतेही एक उत्तर पुरेसे वाटले नाही.

शिंजुकू स्थानकावरून ओदाक्यू कंपनीची गाडी पकडली की वीसपंचवीस मिनिटांत मुकोगाओका-युएन स्थानक येते आणि तेथून चालत पाऊण मैलाच्या आसपास हे उद्यान आहे. वाटेत दुतर्फा सिमेंटची घरे, विजेच्या तारांचे जाळे, सायकलींची गर्दी. कोणत्याही उपनगरात असावे तसेच सर्व. प्रवेशद्वारानंतरच्या दालनात घर कसे बांधीत, छप्पर कसे शाकारीत, याची चित्रे आणि अवजारे मांडलेली आहेत. बहुतेक प्रवासी तेथे घाईने नजर टाकून पुढे सरकतात. असे करू नये. कारण पुढे टेकडीच्या चढउतारावर जी वीस-पंचवीस घरे, कोठारे, देवळे आणि गिरण्या दिसतात त्यांतील प्रत्येक वस्तू मुळात दुसऱ्या कोठल्या तरी गावात उभी होती, खांब आणि वासे यांवर क्रमांक घालून ती उतरविली गेली आणि येथे पुन्हा जोडली गेली, हे त्या दालनात नीट पाहिल्याखेरीज मनावर ठसत नाही. जपानी घर खिळ्यांवर उभे नसून सांध्यांवर उभे असते, म्हणून ते असे उकलता येते आणि पुन्हा बसविता येते. आपल्याकडील मातीच्या भिंतीच्या घराला ही सोय नाही. ते पडते तेव्हा मातीच होते.

उघड्यावरच्या अशा संग्रहालयाची मूळ कल्पना स्वीडनमधील. आर्तुर हाझेलियस या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ उघडले आणि यंत्रयुगाने उखडलेल्या शेतकरी जीवनाचे अवशेष एका टेकडीवर गोळा केले. जपानमध्ये कोन वाजिरो यांचे लोकगृहांवरील पुस्तक १९२२ साली निघाले. गावोगाव हिंडून, चुलीपासून खुंटीपर्यंत सर्व रेखाटून घेणारा हा वास्तुशास्त्राचा अभ्यासक. परंतु अभ्यासकांनी नोंदी करणे वेगळे आणि सार्वजनिक पैशाने घर वाचविणे वेगळे. १९४९ च्या जानेवारीत होर्यूजी या प्राचीन मठाच्या मुख्य मंदिराला आग लागून भिंतींवरील चित्रे नष्ट झाली, देश हादरला आणि १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला. आरंभी त्याचे लक्ष साहजिकच देवळे आणि किल्ले यांच्यावर होते. शेतकऱ्याचे घर ही ‘संपत्ती’ आहे हे सरकारी कागदावर उमटायला आणखी अवधी जावा लागला. ओसाका येथील हात्तोरी उद्यानात १९५६ साली अशा घरांच्या पहिल्या संग्रहालयाचा पाया घातला गेला. त्यानंतर कावासाकी, नंतर १९७१ साली ताकायामाचे ‘हिदा नो सातो’, १९७६ साली ताकामात्सुजवळचे ‘शिकोकु मुरा’. या तारखांकडे पाहावे. जपानच्या औद्योगिक भरभराटीचा काळ आणि या संग्रहालयांचा काळ अगदी एकच आहे.

कावासाकीच्या उद्यानाचा जन्म एका हट्टातून झाला. शहराच्याच हद्दीत, कानाहोदो नावाच्या भागात, इतो घराण्याचे जुने घर होते. त्याच्या समोरच्या भिंतीला लाकडी पट्ट्यांची जाळीदार खिडकी आहे. रानातली श्वापदे आत शिरू नयेत म्हणून ती बसवीत असे सांगतात. संशोधकांनी या घराचे महत्त्व ओळखले, १९६४ साली त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि ते योकोहामातील एका प्रसिद्ध बागेत हलवावे असा विचार पुढे आला. तेव्हा आपल्या गावचे घर दुसऱ्याच्या बागेची शोभा का वाढवील, असे कावासाकीच्या नगरपालिकेतील मंडळींना वाटले, आणि या ईर्षेतून एका घराऐवजी अख्खे उद्यान उभे राहिले. नगरपालिकांच्या ईर्षेतून पुतळे आणि कमानी उभ्या राहिलेल्या आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. घरे उभी राहिल्याचे उदाहरण विरळा.

या उद्यानातील सर्वांत जुन्या घरांपैकी एक म्हणजे हादानो येथून आणलेले कितामुरा घराण्याचे घर. ते उतरविताना सांध्यात दडलेल्या लाकडावर सुताराने शाईने लिहिलेले साल सापडले: १६८७. म्हणजे आपल्याकडे संभाजीराजांची कारकीर्द चालू होती त्या काळातील हे बांधकाम. दाराने आत गेले की अर्धे घर मातीच्या चोपलेल्या जमिनीचे. त्याला ‘दोमा’ म्हणतात. स्वयंपाक, मळणीनंतरची कामे, दोर वळणे, सर्व येथे. दोमाच्या पलीकडे हातभर उंचीवर मुख्य खोली. पण तिची जमीन फळ्यांची किंवा चटयांची नसून अखंड बांबूच्या कामट्यांची आहे. अनवाणी पायाने चालताना त्या कामट्या टोचतात. आज जपानी घर म्हटले की डोळ्यांसमोर येणारी गवती चटई, तातामी, ही त्या काळच्या सामान्य शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातली वस्तू नव्हती. असलीच तर ती पाहुण्याच्या खोलीत, आणि पाहुणा म्हणजे बहुधा सारा ठरवायला आलेला अंमलदार. शेतकऱ्याने कसले कपडे घालावेत, घर कसे बांधावे, यावर राज्यकर्त्यांची बंधने असत. तांदूळ तो पिकवी, पण तांदळातच सारा भरावा लागे. स्वतःच्या ताटात सातू, राळा आणि तत्सम भरड धान्य. घर पाहून हे सर्व आपोआप कळत नाही. पायाखालचा बांबू मात्र थोडेसे सांगतो.

या घरात पाऊल टाकताच प्रथम जाणवतो तो धूर. मुख्य खोलीच्या मध्यभागी जमिनीत चौकोनी खड्डा करून त्यात राख भरलेली असते आणि राखेवर लाकडे जळत असतात. ही ‘इरोरी’. वर आढ्यापासून लोंबणाऱ्या आकड्याला काळीठिक्कर किटली अडकविलेली असते. आकडा वरखाली सरकवून आच कमीजास्त करावयाची. चिमणी म्हणून नाही. धूर खोलीभर फिरतो, वर चढतो आणि गवताच्या छपरातून झिरपत बाहेर पडतो. जाता जाता तो गवत कोरडे ठेवतो, त्यातली कीड मारतो आणि वासे, दोर, बांबू यांवर काजळीचा लेप चढवितो. ज्या घरात विस्तव पेटत नाही त्या घराचे छप्पर लवकर कुजते. संग्रहालयाच्या व्यवस्थापकांपुढे म्हणूनच मोठा पेच होता. गवताच्या छपराखाली आग पेटविणे हा संग्रहालयशास्त्रातील वेडेपणा, आणि न पेटविणे म्हणजे घराला हळूहळू मरू देणे. या उद्यानातील ओता घराण्याच्या घराला १९९० साली आग लागली होती आणि ते पुन्हा उभारावे लागले होते. तेव्हा भीती काल्पनिक नाही. तरीही त्यांनी विस्तवाची निवड केली. आसपासचे नागरिक, बहुतेक निवृत्त स्त्रीपुरुष, स्वयंसेवक म्हणून पाळीपाळीने येतात आणि निरनिराळ्या घरांतील इरोरी पेटवून दिवसभर तिच्यापाशी बसतात. ते पाहुण्याला बसावयास सांगतात, विचारले तर माहिती देतात, न विचारले तर लाकूड सारीत राहतात.

मी ज्या घरात टेकलो तेथे एक वृद्ध गृहस्थ आणि एक बाई होत्या. त्यांच्या थोड्याशा इंग्रजीतून आणि हातवाऱ्यांतून मला विस्तवाभोवतीच्या बैठकीची व्यवस्था समजली. दोमाकडे तोंड करून बसण्याची जागा ‘योकोझा’, ती घरधन्याची. दुसऱ्या कोणी तेथे बसावयाचे नाही. मांजर, मूर्ख आणि भिक्षू हे तिघेच तेथे बसतात, अशी त्या देशात म्हण आहे. त्याच्या एका बाजूला घरधनिणीची जागा, भांडी आणि धान्य हाताशी येईल अशी. समोरच्या बाजूला पाहुण्याची. आणि दोमाच्या कडेची चौथी जागा ‘किजिरी’, म्हणजे सरपणाच्या बुडख्याची. जळणाची टोके जिकडे येतात, धूर आणि वारा जिकडे लागतो, ती जागा सुनेची किंवा गड्याची. हे सांगताना त्या बाई हसल्या आणि आपल्या आजीने तेथे किती वर्षे काढली ते त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. चारी बाजूंना सारखीच ऊब देणारा विस्तवही माणसे आपल्या पायऱ्यांनुसार वाटून घेतात. आपल्या माजघरातली व्यवस्था आठवून पाहावी. ओळख पटायला वेळ लागणार नाही.

या सर्वांत डोळ्यांत भरणारी घरे अर्थात ‘गाश्शो’ पद्धतीची. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखे उभट छप्पर, म्हणून हे नाव. शिराकावा आणि गोकायामा या डोंगराळ, बर्फाळ खोऱ्यांतून ती आणली आहेत. छपराचा उतार इतका तीव्र की बर्फ साचून राहू नये, आणि त्याचा सांगाडा खिळ्यांनी नव्हे तर दोरांनी आणि ओल्या फांद्यांच्या पिळांनी आवळलेला, म्हणजे वारा आणि बर्फाचा भार आला तर तो थोडा लवतो, मोडत नाही. ब्रूनो टाऊट या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने १९३५ साली शिराकावाची घरे पाहिली आणि त्यांच्या तर्कशुद्ध रचनेची जी वाखाणणी केली, तिच्यामुळे जपानी सुशिक्षितांनाही आपल्या खेड्यातील या घरांकडे नव्याने पाहावेसे वाटले. आपल्या घरातील वस्तूची किंमत परक्याच्या तोंडून ऐकण्याची खोड केवळ आपलीच आहे असे समजण्याचे कारण नाही.

पण ही घरे एवढी उंच का? केवळ बर्फासाठी नव्हे. छपराखाली दोन-तीन माळे आहेत आणि तेथे माणसे राहत नसत, रेशीमकिडे राहत. खालच्या इरोरीची ऊब वर चढून त्यांना मिळे. भातशेतीला जमीन नसलेल्या त्या खोऱ्यात रेशीम हाच पैसा होता. गोकायामात त्याच्या जोडीला आणखी एक उद्योग चाले. इरोरीजवळ जमिनीखाली खड्डे करून त्यांत माती, गवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर घालीत आणि काही वर्षे कुजवून त्यातून सोरा काढीत. हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी कागाच्या सरदाराकडे जाई. दुर्गम खोरे असल्याने गुपित राहणे सोपे. माळ्यावर रेशीम, मध्ये माणसे आणि पायाखाली बंदुकीची दारू! याला शांत ग्रामजीवन म्हणावयाचे असेल तर म्हणावे. शिराकावाच्या एका भागात तर एकेका छपराखाली तीसचाळीस माणसे असत, कारण जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून थोरल्या मुलानेच रीतसर संसार थाटावयाचा. धाकटी भावंडे जन्मभर त्याच घरात राबत. त्यांची मुले आईच्या घरी वाढत आणि तीही राबत. मोठे कुटुंब म्हणून ज्याचे कौतुक होते ते पुष्कळदा मोठ्या टंचाईचे दुसरे नाव असते.

ईशान्य जपानमधील इवाते प्रांतातून आणलेल्या कुदो घराण्याच्या घराबद्दलही असेच. काटकोनात वळलेले हे घर. एका भुजेत माणसे, दुसऱ्या भुजेत घोडे, मधे भिंत नाही. नाम्बूचे घोडे प्रसिद्ध होते आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना नजरेआड ठेवणे परवडणारे नव्हते. उद्यानातच फुकुशिमाहून आणलेली एक खाणावळवजा सराई आहे. घोड्यांचे व्यापारी तेथे आपल्या जनावरांसह मुक्काम करीत. घर आणि सराई एका टेकडीवर पाहिली की एका व्यापाराची वाट डोळ्यांपुढे उभी राहते, आणि अशा वेळी संग्रहालय पुस्तकावर मात करते. परंतु कुदोंचे घर बांधले गेले अठराव्या शतकाच्या मध्यास. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १७८० च्या दशकात, तेनमेईचा भीषण दुष्काळ पडला आणि त्याचा सर्वांत मोठा तडाखा याच ईशान्य भागाला बसला. त्या काळात नको असलेले मूल जन्मताच संपविण्याच्या प्रथेला ‘माबिकी’ म्हणत. हा शेतीतला शब्द आहे. रोपे दाट झाली की विरळणी करतात, तीच ही. त्या स्वच्छ झाडलेल्या, सारवल्यासारख्या दोमात उभे राहून हे आठवणे सोपे नाही, आणि न आठवणे योग्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ही घरे येथे आली का? काही रस्त्यांमुळे, काही मालकांना नव्या घराची हौस आल्यामुळे आणि काही धरणांमुळे. शोकावा नदीवरील मिबोरो धरण १९६१ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली गावे गेली. गावकऱ्यांनी मरेपर्यंत लढू अशा नावाची संघटना काढून वर्षानुवर्षे विरोध केला होता. १९५९ साली ती संघटना विसर्जित झाली. त्या समारंभाला वीजनिर्मिती कंपनीचे माजी प्रमुख ताकासाकी तात्सुनोसुके हजर राहिले. हे तेच गृहस्थ जे १९५५ साली बांडुंग परिषदेला जपानचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. बुडणाऱ्या गावातील मंदिराच्या आवारातले चेरीचे जुनाट झाड त्यांनी पाहिले आणि निदान हे तरी वाचवा असा आग्रह धरला. वृक्षतज्ज्ञांनी अशक्य म्हटलेले ते काम पार पडले. दोन प्रचंड वृक्ष मुळांसकट चढावर नेऊन लावले गेले आणि ते आजही वसंतात फुलतात. त्याच सुमारास त्या खोऱ्यातील यानोहारा घराण्याचे घर योकोहामाच्या सांकेइएन बागेत हलविले गेले. ओसाकाच्या संग्रहालयाचा आरंभही शिराकावातून वीज कंपनीच्या धरणामुळे हलवाव्या लागलेल्या घरानेच झाला होता. म्हणजे झाडे वाचली, घरे वाचली. गाव वाचले नाही. ज्यांनी मरेपर्यंत लढू म्हटले होते ते भरपाई घेऊन शहरांत पांगले. त्यांच्यासाठी कोणती टेकडी राखलेली नव्हती.

याला कोणी दांभिकपणा म्हणेल. तसे म्हणण्यापूर्वी आपण आपला हिशेब पाहावा. मिबोरो आणि आपले कोयना धरण ही जवळजवळ एकाच काळातली. शिवसागर जलाशयाखालीही गावे गेली, माणसे उठली, पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिले. त्या गावांतील किती घरांची मापे आपण घेतली? किती वाड्यांचे तुळया-खांब क्रमांक घालून उतरविले? सुताराच्या, गवंड्याच्या, घरधनिणीच्या तोंडून किती गोष्टी उतरवून घेतल्या? उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास नावांतून जातात. देऊळ दगडाचे म्हणून टिकले. घरे मातीची होती. माणसाला उठविल्याचे पाप घर जपल्याने फिटत नाही, हे खरे. पण दोन्ही न करणाऱ्याने एक करणाऱ्याला हसू नये.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कोल्हापूरजवळ कणेरी येथे गावगाड्यातील बलुतेदारांचे जीवन पुतळ्यांच्या द्वारे उघड्यावर मांडलेले आहे आणि ते पाहावयास शाळकरी मुलांच्या झुंडी जातात, ही चांगली गोष्ट आहे. फरक एवढाच की तेथे माणसे घडविलेली आहेत. कावासाकीत माणूस दाखविण्याचा प्रयत्नच नाही. घर खरे आहे आणि ते रिकामे आहे. रिकामेपणाचा एक फायदा असा की पाहणाऱ्याला आपण काय गमावले आहे त्याचा अंदाज स्वतःलाच करावा लागतो.

टेकडीच्या एका वळणावर रेशीमकिड्यांच्या देवतेचे १८६३ सालचे छोटे देऊळ आहे. आतील देव्हाऱ्याच्या बाजूंवर कोरीव काम आहे आणि ते भारतीयाने अवश्य पाहावे असे आहे. कारण त्यातली कथा आपल्या देशातील एका राजकन्येची आहे. तेनजिकु, म्हणजे हिंदुस्थान, येथील राजाची सोनेरी राजकन्या सावत्र आईच्या डोळ्यांत सलू लागली. तिला सिंहांच्या डोंगरात सोडले, ससाण्यांच्या डोंगरात सोडले, निर्जन बेटावर सोडले, शेवटी अंगणात पुरले. ती दरवेळी वाचली. अखेर बापानेच तिला तुतीच्या लाकडाच्या नावेत घालून समुद्रात सोडले. नाव जपानच्या हिताची किनाऱ्याला लागली, कोळ्याच्या घरी तिला आसरा मिळाला, पुढे ती वारली आणि तिच्या देहाचे रेशीमकिडे झाले. किडा कोश विणण्यापूर्वी चार वेळा कात टाकण्यासाठी निश्चल पडतो. त्या चार झोपांना शेतकरी सिंहाची, ससाण्याची, नावेची आणि अंगणाची झोप म्हणत. असली राजकन्या आपल्या पुराणांत मला कोठे भेटलेली नाही. पण दूरच्या, पवित्र देशातून आलेली अनाथ मुलगी आपल्या माळ्यावर वाढते आहे, या समजुतीने किती रात्री किती बायकांनी उठून तुतीचा पाला घातला असेल! जवळच शिमा द्वीपकल्पातल्या कोळ्यांच्या गावातून आणलेला, १८५७ सालचा काबुकीचा रंगमंच आहे. त्याचा फिरता मंच खालच्या तळघरात माणसे ढकलून फिरवीत. त्या अंधाऱ्या तळघराला जपानी नाट्यव्यवसायात ‘नाराकु’ म्हणतात. हा आपला ‘नरक’. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तेथे पोहोचला आणि पडद्यामागे राबणाऱ्यांच्या वाट्याला आला. शब्द योग्य ठिकाणी पोहोचला असे म्हणावे लागेल.

घर उचलून टेकडीवर न नेता गावातच राखता येत नाही काय? शिराकावातील ओगिमाची या वस्तीने तसे करून दाखविले. १९७१ साली तेथील रहिवाशांनी एकत्र येऊन ठरविले: घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. सरकारने १९७५ साली कायदा दुरुस्त करून अखंड वस्त्यांना संरक्षण देण्याची सोय केली, १९७६ साली ओगिमाचीला ते मिळाले आणि १९९५ साली गोकायामासह ती जागतिक वारसा ठरली. गावकऱ्यांचा हा निश्चय थोर होता. पण त्याचे फळ पाहावे. सारे मिळून दीड हजारांच्या आसपास वस्तीचे ते गाव आणि साथीच्या आधीच्या वर्षांत तेथे लोटणारे प्रवासी दहा लाखांहून अधिक. हिवाळ्यातील रोषणाई पाहण्यासाठी इतकी झुंबड उडू लागली की २०१९ पासून आगाऊ नोंदणीखेरीज प्रवेश बंद करावा लागला. शेतकऱ्याचा मुलगा गावात राहिला खरा. पण शेतकरी म्हणून किती राहिला आणि खानावळवाला म्हणून किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मला विचाराल तर खानावळ चालवूनही तो राहिला हे मोठे आहे. टेकडीवरच्या घराला पाहुणे असतात, वारस नसतो.

कारण राखावयाचे आहे ते केवळ लाकूड नव्हे. गाश्शो घराचे छप्पर तीसचाळीस वर्षांनी बदलावे लागते आणि ते एका कुटुंबाचे काम नसते. शिराकावात त्यासाठी ‘युई’ नावाची रीत आहे. आज तुमच्या छपरावर सारा गाव चढतो, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या छपरावर चढता. कोणी किती दिवस, किती गवत, किती दोर दिले त्याचा हिशेब ठेवतात. आपल्याकडील इर्जिक किंवा सावड जाणणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. गवत हवे तर गवताचे राखीव रान हवे, रान हवे तर ते दरवर्षी कापणारे हात हवेत, आणि हात हवेत तर गावात माणसे हवीत. साखळीतील एक कडी निखळली की घर म्हणजे नुसती प्रदर्शनीय वस्तू होते. जपान सरकारला हे कळते. म्हणूनच २०२० साली युनेस्कोच्या यादीत त्यांनी इमारती नव्हेत तर लाकडी बांधकाम जतन करण्याची कौशल्ये नोंदविली, आणि त्यांत छप्पर शाकारणेही आहे. परंतु त्याच देशात २०२३ च्या गणनेत रिकामी आढळलेली घरे नव्वद लाख होती. दर सात घरांमागे जवळजवळ एक. खेड्यातील कित्येक घरांची कुलुपे वारस उघडीत नाहीत, कारण उघडले तर डागडुजी करावी लागते. कावासाकीच्या टेकडीवरची घरे त्या मानाने भाग्यवान म्हणावयाची. त्यांच्यात माणसे राहत नाहीत, पण रोज कोणीतरी येऊन विस्तव पेटविते.

किओमिया घराण्याच्या घराच्या आढ्यावर माती घालून आयरिसची रोपे लावलेली आहेत. मुळे माती धरून ठेवतात आणि माती आढे. मी गेलो तेव्हा फुले नव्हती, नुसती पाने वाऱ्यावर हलत होती. परत फिरताना पुन्हा त्या दोघा स्वयंसेवकांच्या घरापाशी आलो. बंद होण्याची वेळ जवळ आली होती. गृहस्थ लांब चिमट्याने एकेक निखारा उचलून झाकणाच्या मडक्यात टाकीत होते. झाकण बसविले की हवेविना निखारा विझतो आणि त्याचा कोळसा दुसऱ्या दिवशी पेटवणाला उपयोगी पडतो, असे त्यांनी सांगितले. शहराच्या किनाऱ्यावरील पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी २०२३ साली विझली, ते मी विषय निघाला म्हणून विचारले. होय म्हणाले, ते सारा जन्म त्याच बाजूला नोकरीला होते. बाईंनी राख सारखी केली, लोखंडी चाळणीने तिच्यावर रेघा ओढल्या आणि किटलीतले उरलेले पाणी दोमाच्या कडेला ओतून त्या उद्याच्या पाळीच्या वहीत काहीतरी लिहू लागल्या.